शिहाबची हजेरी

रमजानचा अकरावा दिवस होता, आणि दुपार कलल्यावर इरिनी रबरी फुगा विकत घ्यायला निघाली होती.

फुगा म्हणजे रक्तदाब मोजायच्या यंत्राचा, मुठीत धरून दाबायचा तो काळा फुगा. वॉर्डात यंत्र एकच, आणि त्याचा फुगा तीन आठवड्यांपूर्वी फाटला होता. नव्या फुग्याच्या मागणीचा कागद भांडारात गेला, भांडारातून कारकुनाकडे गेला, आणि कारकून उमऱ्यासाठी मक्केला गेला. तेव्हा आता ईदपर्यंत फुग्याचं नाव काढायचं नाही असं ठरल्यासारखंच होतं. इस्पितळाच्या फाटकासमोरच्या दुकानदाराने तिचा चुरगळलेला पांढरा कोट पाहिला, काही न विचारता फुगा काढून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हणाला, "तुमच्या वॉर्डाला मीच यंत्रं पुरवतो आणि मीच ती पोरांना सुटी सुटी विकतो. देव मला काय विचारेल कुणास ठाऊक."

बाहेर खमसीनचा वारा सुटला होता. वाळवंटातली धूळ नाईलपर्यंत आली होती आणि उन्हाला हळदीचा रंग चढला होता. रस्त्यावर माणसं होती, पण बोलत कुणी नव्हतं. उपासाचा शेवटचा तास असा मुकाट्यानेच जातो.

आता कुणी विचारेल, तीन आठवडे फुगा नव्हता तर ही मंडळी रक्तदाब मोजत कशी होती? तर मोजत नव्हती, लिहीत होती. एकशेवीसवर ऐंशी. सगळ्या खाटांना, सगळ्या वेळांना. चौदा खाटा, दर दोन तासांनी तक्ता, वर रक्त काढायचं, सलाइनं लावायची, क्ष-किरणाच्या खोलीत ढकलगाडी न्यायची, आणि हे सगळं दोन इंटर्ननी. शिकायला आलो की हमालीला आलो असा प्रश्न पहिल्या महिन्यात पडतो, दुसऱ्या महिन्यात पडायचा थांबतो. तक्ता रिकामा दिसला तर शिव्या बसतात, भरलेला दिसला तर कुणी वाचत नाही. तेव्हा पोरं तो भरून टाकत. या कामाला त्यांनी नावही ठेवलं होतं, ग्रंथरचना. "झाली का तुझी ग्रंथरचना?" असं एकमेकांना विचारून हसत. इरिनीही हसायची. रात्री उशीला डोकं टेकलं की मात्र ते आकडे तिला आठवत आणि स्वतःची लाज वाटे.

आणि आता फुगा घ्यायची निकड निघाली ती नऊ नंबरच्या खाटेमुळे. तिथे हज्जा नबविया होती. हज करून आलेली, सत्तरीची, काटकी झालेली, तोंडाने फटकळ बाई. यकृत पार गेलेलं, आतली शीर केव्हा फुटेल याचा नेम नाही. तिचा दाब तासातासाला खराच बघायला हवा होता. हे शिहाबने सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी, जिन्यात, भिंतीला टेकून.

शिहाब अब्दुलआल तिच्याच तुकडीतला. सलग बत्तीस तासांची ड्यूटी उरकून तो तसाच कैरोला निघाला होता, जर्मन भाषेची परीक्षा द्यायला. तुकडीतले निम्मे जर्मनीला निघालेच होते, उरलेले निघायच्या खटपटीत होते. इरिनीसुद्धा. परीक्षेसाठी सुट्टी मागावी तर मिळत नाही, न मागता जावं तर हजेरी. एक दिवस जरी तांबड्या शाईत गायब लागला तरी दोन महिने पुन्हा भरायचे, तेही दुसऱ्या शहरात. दाखला लांबला की तिकडची नेमणूक गेली.

"आज माझं हाजिर तू म्हण," शिहाब म्हणाला होता. "तुझ्या ईदला तुझं मी म्हणेन."

"तुझ्या आवाजात? मला दाढी फुटेल."

"मग तर हजेरी घेणाऱ्या नायबाला काहीच कळणार नाही. जरा खरवडून बोल. आणि सही नीट कर, टिंबं दे."

तो टिंबांच्या बाबतीत भारी चोखंदळ होता. अरबीत त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर तीन टिंबं येतात. सगळी दुनिया घाईत त्या तिघांची एक छोटी टोपी काढते, तो मात्र एकेक टिंब सुटं द्यायचा. म्हणायचा, डॉक्टरने टिंब गाळलं की औषधाचं विष होतं. इरिनी टोपीवाली. तिच्या स्वतःच्या नावात पाच टिंबं, त्यातल्या दोन-दोन टिंबांच्या ती आडव्या रेघा मारून मोकळी होई. त्यावरून तो तिला रोज टोमणे मारी.

"झोपला आहेस का तू कालपासून?" तिने विचारलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मायक्रोबसमध्ये झोपेन. चार तास, राजासारखा." मग दोन पायऱ्या उतरून तो परत वळला. "हज्जाला सांगून आलोय, मगरिबला, सूर्य बुडताच, येऊन दाब बघतो म्हणून. ती विचारत होती, मी हाजिर म्हणून टाकलं. तू बघ तेवढं. खराखुरा."

हाजिर हा त्या मुलखातला मोठा कामाचा शब्द. हजेरीला नाव पुकारलं की म्हणायचं, हाजिर. आईने पाव आणायला पिटाळलं तरी म्हणायचं, हाजिर. म्हणजे आलोच, करतोच, झालं असं समजा. शब्द दिला की माणूस अडकला. आणि जो जागेवर नाही तो गायब. हाही त्यांचाच शब्द. आपल्याकडे येता येता त्याला जरा भुताटकीचा वास लागला, तिथे तो नुसता गैरहजर.

सूर्यास्ताला अर्धा तास होता तेव्हा नायब डॉक्टर मुख्तार हजेरीचं दफ्तर घेऊन वॉर्डाबाहेरच्या बोळात उभा राहिला. नायब म्हणजे इंटर्नांच्या वरचा, मोठ्या डॉक्टरांच्या खालचा. सगळ्यांच्या शिव्या वरून खाली पोचवायचं काम त्याच्याकडे. उपास सोडायला कोण आधीच पळालं हे पाहायला तो याच वेळी हजेरी घेई.

"शिहाब अब्दुलआल?"

इरिनी एका उंच मुलाच्या पाठीमागे सरकली, मान खाली घातली आणि घसा खरवडून म्हणाली, "हाजिर."

नायबाने वर पाहिलंही नाही. ते ठरलेलंच होतं. तोही इंटर्न असताना कुणाकुणाचं हाजिर म्हणालाच असेल. दफ्तर फिरलं तेव्हा तिने आपली सही केली, मग शिहाबची. घाईत टोपीच काढली. टिंबं द्यायची राहिली हे दफ्तर पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि उद्या तो काय म्हणेल याचं तिला हसू आलं.

मग सगळे गेले. रमजानात मगरिबच्या वेळी वॉर्ड इरिनीवर असे. मुसलमान सोबत्यांनी उपास सोडायचा, ख्रिस्ती सोबत्याने राखण करायची. तिच्या ईदला, म्हणजे ईस्टरला, ते करायचे. त्या वर्षी तर तिचाही मोठा उपास एकदमच सुरू झाला होता, पण तो पंचावन्न दिवस तेला-डाळीवर काढायचा, सूर्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. "तळणीतला उपास" म्हणून शिहाब तिला चिडवायचा.

मिस इन्साफ ही वॉर्डाची नर्स. ती खजुराची डबी आणि चिंचेच्या सरबताची बाटली घेऊन मागच्या खोलीत गेली. "हाक मारलीत की आले, दुक्तोरा," असं म्हणाली. इरिनी आधी नऊ नंबरला जाऊन आली. हज्जा उशीला टेकून बसली होती.

"तो पोरगा कुठाय?" हज्जाने विचारलं. "मगरिबला येतो म्हणाला होता. हाजिर म्हणाला होता."

"मी आहे ना, हज्जा. यंत्राला फुगा लावते आणि येतेच."

"तू आहेस, पण शब्द त्याने दिलाय. शब्द दिलेला माणूस येतो." आणि ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत सूर्य नव्हताच, नुसता पिवळा धूर होता.

इरिनी बोळातल्या टेबलाशी येऊन बसली. खणातून यंत्र काढून मांडीवर घेतलं. फाटका फुगा सोडवला, नवा खिशातून काढला. तेवढ्यात शहरभर अजान उठली. एका मशिदीतून, मग दुसरीतून, मग सगळीकडून. ती संपली तेव्हा जी शांतता पडली ती एरवी कुठे ऐकायला मिळत नाही. इतक्या मोठ्या इस्पितळात एक दार वाजत नव्हतं. सगळं गाव एकाच वेळी जेवायला बसलेलं. वाऱ्याने काचेवर वाळू घासत होती तेवढीच.

आणि वॉर्डातून आवाज आला.

फुस्स… फुस्स… फुस्स… आणि मग हळूच, लांबवर हवा सोडल्याचा आवाज.

तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. कुणीतरी दाब मोजत होतं. इरिनीने मांडीकडे पाहिलं. वॉर्डातलं एकुलतं एक यंत्र तिच्या मांडीवर होतं. फुगा तिच्या हातात होता.

ती उठून आत गेली. खाटांमधले पडदे ओढलेले होते. दोन नंबरच्या बाईची बाही दंडापर्यंत वर सरकवलेली होती आणि दंडावर पट्टा आवळल्याची तांबडी खूण होती.

"कोण आलं होतं?"

"डॉक्टर की," ती बाई सुस्तपणे म्हणाली. "आत्ताच नाही का येऊन गेला."

खाटेच्या पायाशी टांगलेल्या तक्त्यावर सहा वाजताच्या रकान्यात लिहिलं होतं, एकशेवीसवर ऐंशी. खाली सही, शिहाब.

इरिनीला पहिल्यांदा आनंदच झाला. मग राग आला. परीक्षा चुकवून हा गाढव परत आला की काय? मायक्रोबस मिळाली नसेल. की झोप लागून उतरायचं राहिलं आणि त्याच गाडीने परत आला? ती हळू आवाजात "शिहाब" म्हणाली. कुणी ओ दिली नाही. बोळात जाऊन जिन्यापर्यंत पाहून आली, कुणी नव्हतं. मग तिने त्याला फोन लावला. घंटा बराच वेळ वाजली, आणि एका अनोळखी माणसाने उचलला.

"शिहाब?"

"नाही, बेटा. मी मायक्रोबसचा ड्रायव्हर. पोलीस ठाण्यातून बोलतोय. फोन इथे टेबलावर आहे… हे म्हणाले, तूच उचल." तो थांबला. "तू त्याची कोण?"

"सोबत काम करतो आम्ही. काय झालं?"

तो माणूस रडवेला झाला होता आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. पोरगा मागच्या सीटवर बसला आणि लगेच झोपला. कैरोच्या थांब्यावर सगळे उतरले, हा उठेना. "दमलेला दिसला, बेटा. डॉक्टरांचा कोट होता मांडीवर. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला, गाडी भरेपर्यंत दीड तास आहे. मी त्याच्या खिडकीवर माझं जाकीट टाकलं, ऊन लागू नये म्हणून… मग हलवलं तर गार. दुपारीच. इस्पितळवाले म्हणाले, वाटेतच गेला, झोपेतच. देव त्याच्यावर दया करो."

फुस्स… फुस्स… 

आवाज आता सहा नंबरच्या पडद्यामागून येत होता.

इरिनीने फोन कानाला तसाच धरला होता. ड्रायव्हर बोलत होता, पण तिला आता तो दुसरा आवाजच ऐकू येत होता. हवा सुटली. तक्ता हलल्याचा पत्र्याचा आवाज झाला. कागदावर पेन कुरकुरलं, थोडंच, दोन आकडे आणि एक सही इतकंच. मग सहा आणि सातमधला पडदा आतून खांदा लागावा तसा फुगला आणि सरळ झाला. पडद्याखालून फरशी दिसत होती, पाय नव्हते.

तिला पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगा. बोळाचं दार चार पावलांवर होतं. पण सातनंतर आठ होतं आणि आठनंतर नऊ, आणि सगळ्यांना एकच आकडा मिळत होता. तो आकडा तिला चांगला ठाऊक होता. तीन आठवडे तो तिनेच लिहिला होता.

ती नऊ नंबरपाशी पोचली तेव्हा तक्त्यावरची शाई ओली होती. एकशेवीसवर ऐंशी. हज्जा नबविया उशीवरून घसरली होती, चेहरा राखेसारखा, आणि उशाजवळच्या पत्र्याच्या भांड्यात काळं रक्त होतं. पुष्कळ होतं.

"आला होता," हज्जा पुटपुटली. "काही बोलला नाही, लेकी… हात फार गार होता त्याचा."

इरिनीने पट्टा बांधला, फुगा दाबला, कान लावून ऐकलं. साठाच्या खाली कुठेतरी एक ठोका लागला, मग तोही नाही. ती मिस इन्साफच्या नावाने ओरडली. पुढचा अर्धा तास तिने काय काय केलं ते तिला नीट आठवत नाही. दोन्ही हातांत सुया घातल्या, रक्तपेढीत माणूस पिटाळला, नायब तोंडातला घास तसाच घेऊन धावत आला. दुर्बीण घालून आतली फुटलेली शीर बांधेपर्यंत साडेआठ झाले. हज्जा जगली. नायब म्हणाला, पाच मिनिटं उशीर झाला असता तर संपलं होतं, आणि फुगा कुठून आणलास असं विचारून त्याने पहिल्यांदाच तिला शाबासकी दिली.

सगळं शांत झाल्यावर इरिनी एकेक तक्ता पाहत गेली. एक ते नऊ, नऊही तक्त्यांवर सही होती. ती त्या सहीकडे बघत राहिली. शिहाबच्या नावावर तीन टिंबं नव्हती. टोपी होती. जगात शिहाबची सही अशी एकच व्यक्ती करत होती.

शिहाबला त्याच्या गावी मूठमाती दिली. तुकडी गेली, रडली, संध्याकाळच्या ड्यूटीला परत आली. चौथ्या दिवशी नायबाने दफ्तर उघडलं आणि नाव पुकारलं, "शिहाब अब्दुलआल?" मग स्वतःच दचकला. कॉलेजाकडून कागद येईपर्यंत नाव कापता येत नाही म्हणाला. बोळात सगळे खाली बघत उभे होते. कुठूनतरी कुणी श्वास आत घेतल्यासारखं इरिनीला वाटलं, बोलण्याआधी माणूस घेतो तसा. तिने घाई केली.

"गायब," ती मोठ्याने म्हणाली.

हजेरी संपल्यावर तिने नायबाला गाठून सगळं सांगितलं. खाटांवरच्या सह्यांचं नाही, ते कोण मानणार. पण त्या दिवशी शिहाबचं हाजिर आपण म्हणालो, सही आपण केली, तेव्हा तो मरून चार-पाच तास झाले होते, ते खोडा आणि मला काय शिक्षा असेल ती द्या. दोन महिने पुन्हा भरायला ती तयार होती.

नायबाने दफ्तर मिटून काखेत मारलं. त्याच्या डोळ्यांखाली तिच्याइतकीच काळी वर्तुळं होती.

"ऐक. बत्तीस तास उभा राहून पोरगा मेला असं बाहेर गेलं तर चौकशी लागेल. ड्यूटी कुणी लावली? मी. मला कुणी लावायला सांगितली? ते कुणी लिहून दिलेलं नाही. आता दफ्तरात तो त्या संध्याकाळी हाजिर आहे. चौकशीवाले दफ्तर बघतात."

"पण तो नव्हता, डॉक्टर."

"कागदावर आहे. राहू दे." जाता जाता तो थबकला. "मी काही ऐकलेलं नाही. तूही काही म्हणालेली नाहीस."

आणि शिहाब कागदावर राहिला.

रमजान संपला, ईद झाली, तिचा मोठा उपासही संपत आला. हज्जा नबविया रक्त भरून भरून पुन्हा शिव्या द्यायच्या ताकदीला आली. ईस्टरच्या पाठच्या मंगळवारी तिला घरी सोडायचं ठरलं. इरिनीला ईस्टरच्या रविवारची सुट्टी नायबाने नाकारली, माणसं कमी आहेत म्हणून. एरवी ही वेळ शिहाबची होती. "तुझ्या ईदला तुझं मी म्हणेन." ते वाक्य तिला अलीकडे फार आठवे, आणि नको त्या वेळी आठवे.

शेवटी ती नायबाला म्हणाली, "मी जाणार आहे. आईने वर्षभर माझं तोंड पाहिलेलं नाही. माझ्या नावापुढे गायब लिहा."

"दोन महिने जातील तुझे."

"जाऊ देत." आणि खरंच तिला हलकं वाटलं. तांबड्या शाईतला तो एक खरा शब्द आपल्या नावापुढे लागावा असंच तिला वाटत होतं. निघताना तिने फुगा मिस इन्साफच्या हातात दिला आणि बजावलं, काही झालं तरी हज्जाचा दाब रविवारी मगरिबला मोजायचा. हातानं, यंत्र लावून. मिस इन्साफने छातीवर हात ठेवून सांगितलं, "हाजिर, दुक्तोरा."

घरी आईने पंचावन्न दिवसांचा वचपा काढला. शनिवारच्या रात्रीची प्रार्थना, रविवारी बदक आणि भात, दिवसभर पाहुणे. संध्याकाळी दिवेलागणीला इरिनी गच्चीवर उभी होती. शेजारच्या गावातून अजान आली आणि तिचा उजवा दंड कुणी आवळावा तसा दुखून आला. मग हळूहळू सुटला.

मंगळवारी सकाळी ती वॉर्डात आली तेव्हा नऊ नंबरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"लवकर सोडलं का हज्जाला?" तिने विचारलं.

मिस इन्साफने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "हे तुम्ही मला विचारता, दुक्तोरा?"

"म्हणजे?"

"काल पहाटे गेली. आतच रक्त साचलं होतं, तोंडातून आलंच नाही, कळलंच नाही कुणाला." तिचा आवाज कापला. "मी यंत्र घेऊन निघाले होते रविवारी. तर तुम्हीच आलात समोरून. म्हटलं, सुट्टी मिळाली नाही वाटतं बिचारीला. मी तुम्हाला ईद मुबारक म्हणाले, तुम्ही बोलला नाहीत. सगळ्या खाटा मोजल्यात. मग मी कशाला पुन्हा मोजू? तक्त्यावर चांगलं लिहिलं होतं ना तुम्ही…"

तिने खणातून तक्ता काढून दिला. इरिनीला आकडा वाचायची गरज नव्हती. तिने सही पाहिली. तिचंच नाव होतं, तिच्याच वळणाचं, कुणालाही फसवील असं. फक्त आडव्या रेघा नव्हत्या. पाच टिंबं होती. पाचही सुटी, एकेक करून, न चुकता दिलेली.

ती तक्ता हातात घेऊन खाटेच्या कडेवर बसली आणि रडली. हज्जासाठी रडली, आणि त्याच्यासाठीही. बिचाऱ्याने शब्द पाळला होता.

त्या संध्याकाळी नायब मुख्तार बोळात उभा राहिला. खिडकीबाहेर पुन्हा पिवळा वारा होता. इरिनी सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून उभी होती, पाठीमागे कुणाला उभं राहायला जागा राहू नये म्हणून. शिहाबच्या नावावर आता रेघ मारलेली होती, नायबाने ते वाचलं नाही. पुढची दोन नावं झाली.

"इरिनी जिरगिस?"

तिने हात मागे नेऊन भिंत चाचपली. मग म्हणाली, "हाजिर."

नायबाने दफ्तरातून मान वर केली.

"ऐकलं, डॉक्टर," तो वैतागून म्हणाला. "एकदाच म्हणायचं."